कॅमेऱ्याला वेळापत्रक लावा, घरातल्या बाईला नाही



पूर्वी कॅमेरा म्हटलं की पतसंस्था, सोन्याचं दुकान नाहीतर पेट्रोल पंप डोळ्यांसमोर यायचा. आता तो ओसरीच्या खांबाला, गोठ्याच्या पत्र्याखाली आणि गटाच्या पापड-मसाल्याच्या शेडमध्येही दिसू लागलाय. वायफायवर चालणारा साधा कॅमेरा दीड ते तीन हजारांत मिळतो. शेळ्या चोरीला जातात, विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेतात, शेडमध्ये तयार माल पडलेला असतो. म्हणून आपण तो घेतो. घ्यायलाही हरकत नाही.

पण कॅमेरा लावून महिना झाला की बऱ्याच घरांत दोन तक्रारी सुरू होतात. पहिली, फोन दिवसभर वाजतो. कोंबडी गेली, वाजला. तारेवरचा टॉवेल हलला, वाजला. कंटाळून आपण आवाजच बंद करून टाकतो. मग रात्री दोन वाजता खरंच कुणी गोठ्याशी आलं, तरी फोन गप्प. दुसरी तक्रार कुणी मोठ्यानं बोलत नाही. घरातल्या बाईला दिवसभर वाटत राहतं की कुणीतरी बघतंय. केस सोडून बसता येत नाही, बाळाला पाजायला कोपरा शोधावा लागतो, शेजारीण आली तरी मोकळं बोलता येत नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. कॅमेरा चोवीस तास, सगळीकडे, सारखाच चालू ठेवलाय. त्याला कधी बघायचं, कुठे बघायचं आणि कधी डोळे मिटायचे, हे आपण सांगितलेलंच नाही. ते सांगता येतं, आणि एकदा सांगितलं की कॅमेरा रोज आपोआप तसा वागतो. ते कसं करायचं, हे आज समजून घेऊ.

आधी कागद-पेन घ्या

फोन हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. सासूबाई, सून, शाळेत जाणारी मुलगी, सगळ्या जणी हव्यात. कागदावर तीन रकाने आखा: कॅमेरा कुठे आहे, कधी चालू हवा, कुणाला कळायला हवं. उदाहरणादाखल एका घराचा कागद असा होईल:

• गोठा: रात्री १० ते पहाटे ५ हालचाल झाली की फोन वाजावा. दिवसा नुसतं रेकॉर्डिंग, फोन वाजू नये.

• अंगण आणि फाटक: सकाळी ९ ते संध्याकाळी ५, घरची माणसं शेतावर असताना, माणूस दिसला की फोन वाजावा. रात्रीही वाजावा. सकाळ-संध्याकाळ घरात वर्दळ असते, तेव्हा नको.

• घराच्या आत: रोज बंद. सगळं घर गावाला गेलं तरच चालू.

ज्या जागेबद्दल एकीचंही "नको" आलं, तिथे कॅमेरा लावू नका. न्हाणीघर, मोरी, झोपायची खोली, कपडे बदलायची जागा इथे तर विचारायचाही प्रश्न नाही. परसदारी लावायचा असेल तर न्हाणीघराचं दार आणि तिथे जायची वाट चित्रात येत नाही ना, हे कॅमेरा ठोकायच्या आधी फोनवर बघून घ्या. शेजारणीचं अंगणही चित्रात येऊ देऊ नका.

वेळेप्रमाणे बदलणारी सेटिंग

आता ॲप उघडा. कंपनी कोणतीही असो, शब्द साधारण सारखेच असतात. 'मोशन डिटेक्शन' म्हणजे हालचाल ओळखणं. 'नोटिफिकेशन' किंवा 'अलर्ट' म्हणजे फोन वाजणं. 'शेड्यूल' म्हणजे वेळापत्रक. 'प्रायव्हसी मोड' म्हणजे कॅमेऱ्यानं डोळे मिटणं. त्या वेळात तो ना दाखवतो, ना साठवतो.

रेकॉर्डिंग वेगळं आणि फोन वाजणं वेगळं, हे लक्षात ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये दोन्हींना स्वतंत्र वेळापत्रक लावता येतं. गोठ्याचं रेकॉर्डिंग दिवसभर राहू द्या आणि अलर्ट फक्त रात्रीचे ठेवा. एवढ्या एका बदलानं फोनची कटकट बरीच कमी होते.

वेळ भरताना चार ठिकाणी गडबड होते, तेवढी सांभाळा.

एक, रात्री १२ ची. रात्री १० ते पहाटे ५ असं एका दमात टाकलं तर काही ॲप ते घेत नाहीत. मग दोन तुकडे करा: रात्री १० ते ११.५९ आणि १२ ते पहाटे ५. ॲप चोवीस तासांचं घड्याळ दाखवत असेल तर रात्रीचे १० म्हणजे २२.०० हे विसरू नका.

दोन, कॅमेऱ्याचं घड्याळ. सेटिंगमध्ये 'टाइम झोन' असतो. तिथे भारताची वेळ, म्हणजे अधिक ५.३०, आहे का बघा. ती चुकलेली असेल तर तुमचं रात्रीचं वेळापत्रक भलत्याच वेळी चालेल. पोलिसांना दाखवायच्या चित्रावरची वेळही चुकीची येईल.

तीन, लाईट. लाईट गेली की वायफायचा राउटर आणि कॅमेरा दोन्ही बंद पडतात. राउटरला जोडायचा छोटा बॅटरी बॅकअप बाजारात मिळतो. तुमच्याकडे लाईट रात्री जात असेल तर तो घ्याच, कारण चोरालाही तीच वेळ सोयीची असते. कॅमेऱ्याचीही सोय त्याच बॅकअपवर होते का, हे दुकानात विचारून घ्या. लाईट आल्यावर कॅमेरा वेळापत्रकाप्रमाणे चालू झालाय का, हे पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः तपासा.

चार, दिवस लहान-मोठा होणं. काही ॲपमध्ये घड्याळाच्या वेळेऐवजी 'सनसेट' आणि 'सनराइज', म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय, निवडता येतो. ही चांगली सोय आहे. डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, रत्नागिरीकडे सहा वाजून जातात. जूनमध्ये दोन्हीकडे सातच्या आसपास. ॲपला तुमच्या गावाचं ठिकाण एकदा दिलं की रोजची वेळ ते स्वतः मोजतं. ही सोय नसेल तर दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा वेळ हातानं बदला.

जागेप्रमाणे बदलणारी सेटिंग: चित्रातली जागा

जागा दोन प्रकारची. एक कॅमेऱ्याच्या चित्रातली आणि दुसरी, आपण स्वतः कुठे आहोत ती. आधी चित्रातली बघू.

ॲपमध्ये 'ॲक्टिव्हिटी झोन' किंवा 'डिटेक्शन एरिया' असं काहीतरी असतं. चित्रावर बोटानं चौकोन काढायचा. त्या चौकोनात हालचाल झाली तरच फोन वाजतो. फाटक आणि गोठ्याचं दार चौकोनात घ्या. रस्ता, झाड आणि कपडे वाळत घालायची तार बाहेर ठेवा. 'पर्सन डिटेक्शन' असेल तर अंगणासाठी तेच निवडा, म्हणजे कुत्रं-मांजर गेलं तरी फोन गप्प राहील. गोठ्याला मात्र सगळी हालचाल ठेवा, कारण तिथे भीती फक्त माणसाची नसते. जनावरं रात्रभर हलत असतात, म्हणून चौकोन दावणीवर न काढता दारावर काढा.

काही ॲपमध्ये 'प्रायव्हसी झोन'ही असतो. चित्राचा तेवढा भाग काळा होऊन जातो, कुणालाच दिसत नाही. शेजारणीची खिडकी चुकवताच येत नसेल तर तिथे हा काळा पडदा टाका.

रात्री कॅमेरा न दिसणाऱ्या उजेडात बघतो. त्याच्या काचेसमोर किडे येतात, कोळी जाळं विणतो आणि ते पांढरं शुभ्र चमकतं. रात्रभर खोटे अलर्ट येत असतील तर सेटिंग बदलण्याआधी फडकं घेऊन काच पुसा. पावसाळ्यात दर आठवड्याला पुसा. त्यानंतरही कटकट राहिली तर 'सेन्सिटिव्हिटी' एक-एक पायरी कमी करत जा आणि रात्री घरच्याच माणसाला गोठ्यापर्यंत चालायला लावून अलर्ट येतो का बघा.

जुन्नर, शिरूर, संगमनेरसारख्या बिबट्याच्या भागातल्या सख्यांना खास सांगणं आहे. रात्री अलर्ट आला तर आधी फोनवर चित्र बघा. बिबट्या दिसला तर दार उघडू नका. आतूनच भांडी वाजवा, शेजाऱ्यांना फोन करा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अंधारात बाहेर धावत जायला लागू नये, हाच तर कॅमेऱ्याचा उपयोग.

जागेप्रमाणे बदलणारी सेटिंग: आपण कुठे आहोत

आता दुसरा प्रकार. याला 'जिओफेन्स' म्हणतात. घराभोवती नकाशावर शे-दोनशे मीटरचं एक गोल रिंगण आखायचं. तुमचा फोन रिंगणाबाहेर गेला की ॲप समजतं, घरचं माणूस बाहेर पडलं, आणि कॅमेरा आपोआप चालू करतं. फोन परत रिंगणात आला की बंद. घरात दोन-तीन फोन जोडलेले असतील तर शेवटचा फोन बाहेर गेल्यावरच चालू होईल, अशी सेटिंग ठेवता येते.

ऐकायला सोपं आहे, पण थांबा. ॲपला माणूस कळत नाही, फोन कळतो. आपल्या घरांत सगळ्यांकडे फोन असतोच असं नाही. मुलगा आणि सून फोन घेऊन बाजाराला गेले आणि साधा फोन वापरणाऱ्या, नाहीतर फोनच नसलेल्या सासूबाई घरी आहेत. ॲपच्या लेखी घर रिकामं. आतला कॅमेरा चालू झाला. सासूबाई घरातच लुगडं बदलतायत आणि त्यांना पत्ताही नाही. किंवा उलटं होतं. तुम्ही शेतावर आणि फोन घरी चार्जिंगला. ॲपच्या लेखी तुम्ही घरीच, म्हणून कॅमेरा बंद, आणि घर उघडं.

म्हणून एक साधा नियम ठेवा. घरात फोन नसलेलं एकही माणूस राहत असेल, तर आतला कॅमेरा जिओफेन्सवर सोडायचा नाही. जिओफेन्स फक्त अंगण, फाटक आणि शेडच्या बाहेरच्या कॅमेऱ्याला. आतला कॅमेरा कुलूप लावणाऱ्या बाईनं, सगळे बाहेर आहेत हे डोळ्यांनी बघून, हातानं चालू करायचा.

जिओफेन्स वापरायचाच असेल तर फोनमध्ये त्या ॲपला लोकेशनची परवानगी 'कायम' अशी द्यावी लागते आणि बॅटरी वाचवायच्या सेटिंगमधून ते ॲप वगळावं लागतं. नाहीतर फोन खिशात गेला की ॲप झोपी जातं. रेंज कमी असलेल्या गावात रिंगण जरा मोठं ठेवा, नाहीतर तुम्ही ओसरीवर बसलेल्या असतानाच फोन कधी आत, कधी बाहेर दाखवत बसेल.

स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय बहुधा नसतेच. त्यात काही बिघडत नाही. अनेक ॲपमध्ये 'होम' आणि 'अवे' अशी दोन बटणं असतात. घरी असताना काय चालू हवं, बाहेर असताना काय, हे एकदा भरून ठेवायचं. मग कुलूप लावताना एक बटण दाबायचं, उघडताना दुसरं. आपल्या घरांना बऱ्याचदा हेच जास्त बरं पडतं, कारण ठरवणारं माणूस असतं.

वेळ आणि जागा दोन्ही लावल्यात तर एकमेकांना अडवतात का ते बघा. सगळे घरी आहेत म्हणून रात्री गोठ्याचाही कॅमेरा बंद, असं होता कामा नये. गोठा वेळेवर चालवा, अंगण वेळ आणि जागा दोन्हींवर, घराचा आतला भाग फक्त आपल्या हातावर.

गटाच्या शेडमध्ये कॅमेरा लावताना

शेड सगळ्यांची, म्हणून निर्णयही सगळ्यांचा. आधी बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा: कॅमेरा कुठे, किती वाजता चालू, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं, कोण बघणार. शेडमध्ये आठ-दहा जणी दिवसभर काम करतात. पदर खोचून, घामाघूम होऊन काम करताना कुणाच्या तरी फोनवर आपण दिसत राहावं, हे कुणालाच नको असतं. म्हणून कामाच्या वेळात फक्त दार आणि माल ठेवायची जागा चित्रात ठेवा. काम संपून कुलूप लागलं की पूर्ण शेडचं वेळापत्रक चालू. विश्रांतीची आणि बाळं झोपवायची जागा कधीच चित्रात नको. दारावर 'येथे कॅमेरा चालू आहे' अशी पाटी लावा.

बँकेच्या खात्याला आपण एकीवर सगळं सोपवत नाही, कॅमेऱ्याच्या खात्याचंही तसंच करा. ॲप किमान दोन पदाधिकारी महिलांच्या फोनवर असावं. पासवर्ड बंद पाकिटात दप्तराबरोबर राहावा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदला.

खर्चाचाही विचार करा. शेडला वायफाय नसेल तर सिमकार्डवर चालणारे कॅमेरे मिळतात, पण डेटा लागतो. साध्या दर्जाचं चित्र फोनवर थेट बघत बसलं तर तासाला अर्धा जीबीच्या आसपास जातो. मेमरी कार्डवर साठवलं आणि अलर्ट आल्यावरच उघडून बघितलं तर खर्च आटोक्यात राहतो. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं त्यावर जातं, म्हणून घटना घडली तर तेवढा भाग त्याच दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवा.

चावी कुणाकडे आहे?

सगळी सेटिंग नीट केली, पण ॲप दुसऱ्याच्याच हातात असेल तर उपयोग नाही. कॅमेरा बसवायला आलेला मुलगा बऱ्याचदा घाईत स्वतःच्याच ई-मेलवर खातं उघडून देतो. म्हणजे तुमचं अंगण त्याच्या फोनवरही दिसतं. खातं तुमच्या नंबरवर हवं. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. ॲपमध्ये 'शेअर' किंवा 'मेंबर' अशी यादी असते, ती उघडून कोण कोण बघू शकतं ते वाचा. ओळखीचं नसलेलं नाव काढून टाका.

आणि घरातलंही बोलायला हवं. नवरा मुंबई-पुण्याला कामाला, कॅमेरा माजघरात आणि ॲप फक्त त्याच्या फोनवर. "अकरा वाजता कुठे गेली होतीस? कोण आलं होतं?" असे फोन येऊ लागले, तर तो कॅमेरा आता चोरासाठी राहिलेला नाही. काळजी खरी असेल तर फाटकावरचा कॅमेरा पुरतो आणि ॲप दोघांच्याही फोनवर राहू शकतं.

कायदाही याबाबतीत आपल्या बाजूनं आहे. बाईचं खासगी अवस्थेतलं चित्रण तिच्या नकळत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ ई देखील अशा चित्रणाला लागू होतं. कोलकाता उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये एका घराच्या प्रकरणात सांगितलं की सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयानंही त्याच वर्षी तो निर्णय बदलला नाही. पाळत ठेवून कुणी अपमान करत असेल, धमकावत असेल, तर मानसिक छळ हाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाचारच आहे. १८१ या महिला हेल्पलाईनवर बोला. चित्रण पसरवलं किंवा पसरवायची धमकी दिली तर १९३० वर लगेच कळवा, आणि तातडीचा धोका असेल तर ११२.

पुढच्या बैठकीत हे करा

बचत, कर्ज, परतफेडीचं कामकाज झालं की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांनी फोन बाहेर काढा. एकमेकींना मदत करत पाच गोष्टी तपासा:

१. खातं कुणाच्या नंबरवर आहे?
२. शेअरच्या यादीत कोण कोण आहे?
३. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का?
४. अलर्टला वेळापत्रक लावलंय का?
५. घराच्या आत कॅमेरा असेल तर तो आत्ता चालू आहे का, आणि घरी कोण आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "चालू आहे, सासूबाई घरी आहेत" असं आलं, तर बैठक संपायची वाट बघू नका. तिथेच प्रायव्हसी मोडचं बटण दाबा. संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाईंना शेजारी बसवून कागद-पेन घ्या आणि पहिला रकाना त्यांच्याकडूनच भरून घ्या.